सौरघटाचे आयुष्य ठरविणारा थर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली आणि देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे उद्दिष्ट निश्चित करण्यात आले. अशा पॅनेलसाठी घेतलेल्या कर्जाचे सारे गणित एका गृहीतावर उभे असते. ते म्हणजे, हप्ते फिटल्यानंतरही पॅनेल अनेक वर्षे वीज देत राहील. आजच्या सिलिकॉन पॅनेलवर साधारणतः २५ वर्षांच्या वीजनिर्मितीची हमी मिळते, म्हणून हे गणित जुळते. सिलिकॉनच्या जोडीला आता पेरोव्हस्काइट हा नवा पदार्थ येऊ पाहत आहे. त्याची कार्यक्षमता वादातीत आहे. प्रश्न आहे तो आयुष्याचा. आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच्या शेजारच्या एका अतिशय पातळ थरावर अवलंबून आहे.

पेरोव्हस्काइट हे मुळात १८३९ साली रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे नाव. त्या खनिजासारखीच स्फटिकरचना असलेल्या सर्व पदार्थांना पुढे तेच नाव मिळाले. सौरघटात वापरले जाणारे पेरोव्हस्काइट प्रयोगशाळेत तयार केले जाते. सिलिकॉन वितळविण्यासाठी सुमारे १४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पेरोव्हस्काइटचा थर मात्र द्रावणातून, साधारण १०० ते १५० अंशांत तयार होतो. त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असली तरी पुरते.

रिकाम्या जागेचा प्रवास

सूर्यप्रकाश या थरावर पडला की त्यातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो आणि मागे रिकामी जागा उरते. तिला ‘होल’ असे म्हणतात. बँकेच्या काउंटरसमोरील रांगेतून पहिला ग्राहक बाजूला झाला की मागचे एकेक पाऊल पुढे सरकतात आणि रिकामी जागा मात्र मागे मागे जाते. होलही असाच प्रवास करतो आणि धनभारासारखा वागतो. इलेक्ट्रॉन एका दाराने आणि होल दुसऱ्या दाराने बाहेर पडले, तरच वीज मिळते. दोघे आतच पुन्हा भेटले, तर मिळालेली ऊर्जा वाया जाते. होलला वाट देणारा आणि इलेक्ट्रॉनला अडविणारा जो थर, तोच होलवाहक थर होय.

या थराचे महत्त्व इतिहासातूनच स्पष्ट होते. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमू मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोव्हस्काइटचा पहिला सौरघट बनविला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. होल वाहून नेण्याचे काम त्यात एका द्रवाकडे होते, आणि तो द्रवच पेरोव्हस्काइट विरघळवून टाकी. २०१२ मध्ये दक्षिण कोरियाचे नाम-ग्यू पार्क आणि ब्रिटनचे हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रवाऐवजी ‘स्पायरो-ओमेटॅड’ हा घन सेंद्रिय पदार्थ वापरला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या घरात पोहोचली.

पाणी आणि उष्णता

स्पायरोचीही एक उणीव आहे. एकटा असताना तो होल फारसा वाहून नेत नाही. म्हणून त्यात लिथियमचा क्षार मिसळावा लागतो. हा क्षार हवेतील बाष्प ओढून घेतो, आणि ओलावा हा पेरोव्हस्काइटचा शत्रू आहे. शिवाय घट तापल्यास वरच्या विद्युताग्रातील सोन्याचे कण स्पायरोमधून झिरपून पेरोव्हस्काइटपर्यंत पोहोचतात. कोकण वा बंगालची दमट हवा आणि विदर्भ वा राजस्थानचा उन्हाळा लक्षात घेता, ही उणीव भारताच्या दृष्टीने गंभीर आहे.

म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. निकेल ऑक्साइडसारखे अकार्बनी पदार्थ उष्णतेला अधिक टिकाऊ ठरतात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मिखाएल ग्रेट्झेल यांच्या गटाने कॉपर थायोसायनेट हा स्वस्त पदार्थ वापरून २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळविली. त्यावर ग्राफीन ऑक्साइडचा पातळ पडदा दिल्यावर, ६० अंश तापमानात व पूर्ण प्रकाशात १००० तास चालवूनही घटाची ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता कायम राहिली.

त्यानंतरचे मोठे पाऊल लिथुआनियातील काउनास येथील रसायनशास्त्रज्ञ व बर्लिनमधील हेल्महोल्ट्झ संस्था यांनी टाकले. त्यांनी केवळ एका रेणूच्या जाडीचा थर तयार केला. या रेणूंचे एक टोक खालच्या पारदर्शक विद्युताग्राला घट्ट धरते, तर दुसरे पेरोव्हस्काइटकडे राहते. त्यात क्षार मिसळावा लागत नाही आणि पदार्थही अत्यल्प लागतो. अशाच थराच्या आधारे २०२० मध्ये सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढविलेल्या जोडघटाने २९.१५ टक्के कार्यक्षमता गाठली. २०२४ मध्ये चीनच्या लाँजी कंपनीने अशाच प्रकारच्या जोडघटात ३४.६ टक्के कार्यक्षमता नोंदविली. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच सुमारे २९.४ टक्के आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

ग्राहकांसाठी

तथापि हे विक्रम लहान आकाराच्या घटांवरील आहेत. १००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. २५ वर्षांचे तास होतात सुमारे दोन लाख एकोणीस हजार. म्हणूनच पॅनेलला ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवण्यासारख्या कठोर आंतरराष्ट्रीय चाचण्या घेतल्या जातात. मोठ्या पॅनेलवर एका रेणूचा थर सर्वत्र सलग बसविणे, तो वर्षानुवर्षे जागचा न हलणे आणि पेरोव्हस्काइटमधील शिसे बाहेर पडू न देणे, ही आव्हाने अद्याप आहेतच.

सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जोडघटांची पहिली व्यापारी पॅनेल अमेरिकेत पाठविली. भविष्यात असे पॅनेल आपल्या दारी आल्यास ग्राहकाने कार्यक्षमतेचा आकडा वाचून थांबू नये. हमी किती वर्षांची आहे, दर वर्षी किती घट गृहीत धरली आहे, चाचणी प्रमाणपत्र कोणते आहे, हे प्रश्न आधी विचारावेत. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानेही हीच कागदपत्रे प्रथम पाहावीत. परतफेडीची मुदत पॅनेलच्या आयुष्याहून लांब असता कामा नये, हा साधा नियम नव्या तंत्रज्ञानालाही लागू आहे.