सक्तीच्या शाळेतली सकाळ

प्रभातफेरी गल्लीच्या तोंडाशी येते आणि पाऊस पुन्हा धरतो. पहिलीची पोरं पुढं, चौथीची मागं, मधे राजर्षी शाहू महाराजांचा फोटो. दोन मुलींनी त्यावर एकच छत्री धरली आहे. मुलींच्या वेण्यांमधून पाणी गळतंय, फोटोची काच मात्र कोरडी आहे. ‘शाहू महाराज की...’ पुढचा ‘जय’ इतक्या जोरात येतो की दावणीची म्हैस मान वर करते.

आज २६ जून, महाराजांची जयंती. कोल्हापूर जिल्ह्यात आज शाळोशाळी फेरी निघते. मी मात्र मुद्दाम प्रयाग चिखलीत आलोय. शहरातून शिवाजी पूल ओलांडून थोडं पुढं आलं की हे गाव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती इथं एकमेकींना मिळतात आणि पंचगंगा पुढं निघते. करवीर संस्थानातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची पहिली शाळा ४ मार्च १९१८ रोजी सुरू झाली, ती याच गावात.

फेरी शाळेत परतते. व्हरांड्यात चपलांचा ढीग पडतो, ओल्या दप्तरांचा वास सगळीकडं भरतो. सतरंजीवर पोरं मांडी घालून बसतात आणि बाई बोलायला उभ्या राहतात. हातात कागद नाही. हे त्यांनी अनेक वर्षं सांगितलेलं असणार, तरी सांगताना डोळे चमकतात.

“महाराजांनी हुकूम काढला. कधी?”

“एकोणीसशे सतरा!” मागच्या रांगा.

“पोराला शाळेत घालायचं, फी द्यायची नाही. आणि नाही घातलं तर? महिन्याला एक रुपयापर्यंत दंड!”

पहिल्या रांगेतला एक जण हात वर करतो. “दंड पोराला का बापाला?”

“बापाला.”

सगळी शाळा हसते. प्रश्न विचारणारा सगळ्यात जास्त खूश होतो. बाईही हसतात आणि मग गंभीर होऊन म्हणतात, “कारण पोराची चूक नसते रे.”

मला हे वाक्य टिपून ठेवावंसं वाटतं. त्या हुकुमाचा गाभा इथंच आहे. शेतकऱ्याला, मजुराला तो रुपया जड होता आणि महाराजांना ते पक्कं ठाऊक होतं. गरिबाचं पोर घरी कामाला लागतं, तेव्हा घरच्या चार हातांतले दोन हात शाळेनं काढून घ्यायचे, हा सोपा व्यवहार नव्हता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीच विधेयक आणलं होतं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात आधी अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली संस्थानभर सक्ती लागू केली होती. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हतं, ते करवीरसारख्या बडोद्याहून लहान संस्थानानं अंगावर घेतलं. आणि नुसती शाळा उघडून महाराज थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत आणलं. माझ्या मते, पहिल्या हुकुमापेक्षा हा दुसरा हुकूम अमलात आणायला जास्त धैर्य लागलं असेल. समोरच्या सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली ही रांग त्या हुकुमाची आहे.

खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे. बाई ते उघडून दाखवतात. खालचे दोन कप्पे रिकामे. सगळी रजिस्टरं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, सुतळीनं बांधून अगदी वर ठेवलेली. “जून लागला की पहिलं हे काम,” त्या म्हणतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं पंचावन्न फूट ओलांडले. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची. तेव्हा चिखली आणि शेजारची आंबेवाडी पाण्यात गेली, माणसांना बोटीतून काढावं लागलं. २०२१ला पुन्हा तेच. एका पिशवीची गाठ सोडून बाई जनरल रजिस्टर माझ्यापुढं धरतात. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. शेवटच्या रकान्यावर माझं बोट थांबतं. एका पानावर तेच अक्षर, तीच निळी शाई, पुन्हा पुन्हा: ‘घरकामामुळे’. नावं जवळजवळ सगळी मुलींची.

दाराशी नातीला सोडायला आलेली एक आजी अजून उभी आहे. डोक्यावर पोत्याची खोळ. मी विचारतो, “आजी, तुम्ही इथंच शिकलात?”

“तर! चौथी काढली न्हवं. पुढं बापानं म्हसरं हातात दिली.” मग नातीकडं हनुवटी करून म्हणते, “हिला न्हाई काढायची. हिला लई शिकवायची.”

संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, शाळेवरच्या पाट्या बदलत गेल्या. २०१०पासून शिक्षण हक्काचा कायदा आहे: सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी आता सरकारवर. ते योग्यच झालं. पण सरकार म्हणजे शेवटी कोण, ते पुढच्या दहा मिनिटांत कळतं.

तिसरीच्या वर्गात हजेरी सुरू आहे. “हजर बाई, हजर बाई” करत नावं सरकतात आणि एका नावाला उत्तर येत नाही. काल पण नव्हता, परवा पण नव्हता. “त्याची आई भांगलायला जाती, तो धाकट्याला सांभाळतोय,” शेजारचा पोरगा माहिती पुरवतो. बाई हजेरीतला रकाना तसाच सोडतात. वर्ग शेजारच्या सरांकडं देतात, छत्री घेतात आणि निघतात. मीही मागोमाग.

दोन गल्ल्या सोडून घर. पोरगा उंबऱ्यात, मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. बाईंना बघून तो आधी आत पळतो, मग शर्ट घालून बाहेर येतो. बाई ना रागावतात ना उपदेश करतात. फोन लावतात. पलीकडून आईचा आवाज येतो, वाऱ्यात अर्धा तुटलेला.

“ताई, धाकट्यालाबी आणते अंगणवाडीत. सोडवायला दुपारी तुम्ही या. याचे तीन दिवस बुडाले.”

पलीकडं थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येतो. मग, “बरं बाई. न्या.”

परतताना बाई धाकट्याला कडेवर घेतात. थोरला छत्रीबाहेरच चालतो, डबक्यात पाय आपटत. अंगणवाडीच्या ताई दारातच धाकट्याला उचलून घेतात. तो भोकाड पसरतो, थोरला वळून बघतो, बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढं घालतात. स्वयंपाकाच्या खोलीतून खिचडीचा वास सुटलाय. शिजवणाऱ्या मावशी खिडकीतून विचारतात, “बाई, आज किती?”

“एक वाढवा,” बाई म्हणतात आणि हजेरीपट काढून तो रकाना भरतात.