मॅच लागत नाही, कारण पत्ता सिंगापूरचा आहे

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि २ सप्टेंबरला पबजी मोबाइलचाही नंबर लागला. त्या दिवसांत गावोगावच्या पोरांनी फुकटचं व्हीपीएन फोनमध्ये टाकून घेतलं. टिकटॉक विसरलं गेलं, व्हीपीएन मात्र बऱ्याच फोनांत तसंच राहिलं. मग आयपीएलच्या एखाद्या संध्याकाळी आखाडा बाळापुरात कुणीतरी जिओहॉटस्टार उघडतो. पैसे भरलेले, रेंज फुल्ल, तरी मॅचच्या जागी नकाराची पाटी. मोबाइलच्या दुकानातला पोरगा फोन हातात घेतो, वरच्या पट्टीतलं किल्लीचं बारीक चिन्ह बघतो आणि म्हणतो, "मामा, आधी ते व्हीपीएन बंद करा की." बंद केलं की मॅच लागते. पण मामांची शंका रास्त असते: आपण बसलोय बाळापुरात, मग हे त्या अ‍ॅपला कळत कसं नाही?

त्याचं उत्तर आयपी पत्त्यात आहे. आपला फोन सर्व्हरकडे काहीही मागतो तेव्हा त्या मागणीसोबत एक आकडी पत्ता जातो. त्याशिवाय उत्तर परत येणार कुठे? जुन्या पद्धतीचे असे पत्ते साधारण ४२९ कोटी आहेत आणि ते गठ्ठ्यांनी वाटलेले आहेत. आशिया-पॅसिफिकचं वाटप ब्रिस्बेनमधली एपीनिक ही संस्था बघते. कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, ही नोंद कुणालाही बघता येते. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या त्यावरून आणि इतर खुणांवरून 'हा पत्ता या देशातला, या शहरातला' अशा याद्या तयार करतात आणि स्ट्रीमिंगवाले त्या याद्या विकत घेतात.

या यादीत देश बहुतेक वेळा बरोबर असतो, गावाचं मात्र काही खरं नाही. अमेरिकेतल्या ज्या पत्त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता, ते सगळे मॅक्समाइंडने देशाच्या साधारण मध्यावर टाकून दिले होते. तो बिंदू नेमका कॅन्ससमधल्या एका शेतावर पडला आणि चोर शोधत पोलीस, फसवले गेलेले लोक, असे कोण कोण वर्षानुवर्षं त्या शेतावर येत राहिले. हा घोळ २०१६ मध्ये उघडकीला आला. आपल्याकडेही मोबाइल कंपनी प्रत्येक फोनला जुन्या पद्धतीचा वेगळा पत्ता देत नाही. शेकडो, कधी हजारो फोन एकाच पत्त्याआड असतात आणि त्यांची वाहतूक एखाद्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते. म्हणून बाळापुरातला फोन यादीत मुंबईचा दिसला तरी नवल नाही. मॅच दाखवणाऱ्याला त्याचं काही नसतं. त्याला फक्त देश हवा असतो.

आता व्हीपीएन. समजा, तुम्ही नागपूरच्या ऑफिसला अर्ज पाठवताय, पण तो थेट न पाठवता एका पाकिटात बंद करून सिंगापूरच्या भावाला पाठवलात. त्याने बाहेरचं पाकीट फाडलं आणि आतलं पाकीट स्वतःच्या पत्त्यावरून नागपूरला धाडलं. ऑफिसच्या लेखी अर्ज सिंगापूरहून आला. उत्तरही तिकडेच जाणार, तिथून तुमच्याकडे. व्हीपीएनचं काम एवढंच. फोन आणि व्हीपीएनचा सर्व्हर यांच्यातलं सगळं कुलूपबंद असतं, मधल्या कुणाला ते वाचता येत नाही. समोरच्या साइटला दिसतो तो व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता.

बाळापूरच्या मामांचं नेमकं हेच झालं. त्यांचं फुकटचं व्हीपीएन आपल्या मर्जीने सिंगापूरला जोडलं गेलं होतं आणि आयपीएल सिंगापुरात दाखवायचा हक्क वेगळा आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी बीसीसीआयने आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले, पण एकगठ्ठा नाही. भारतातल्या टीव्हीचे २३,५७५ कोटींना डिस्ने स्टारने घेतले आणि भारतातले डिजिटल हक्क वायाकॉम १८ कडे गेले. परदेशातले हक्क देशांप्रमाणे कापून विकले: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका वायाकॉमकडे, तर अमेरिका आणि आखातासकटचा टापू टाइम्स इंटरनेटकडे. पुढे स्टार आणि वायाकॉम एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. पण करारातल्या हद्दी आहेत तिथेच आहेत. भारतापुरता हक्क घेणाऱ्याने अमेरिकेतल्या प्रेक्षकाला चित्र दाखवलं, तर तिथे पैसे मोजून बसलेला दुसरा परवानाधारक ओरडणारच. थोडक्यात, व्हीपीएन अडवण्यात प्रेक्षकाशी वैर कमी आणि हक्क विकणाऱ्याला दिलेला शब्द जास्त असतो. नेटफ्लिक्सने ६ जानेवारी २०१६ ला भारतासह सुमारे १३० नव्या देशांत पाऊल टाकलं आणि आठवडाभरातच प्रॉक्सी-व्हीपीएनवाल्यांना अडवणार असं जाहीर केलं, त्यामागेही निर्मात्यांचा हाच तगादा होता.

अडवतात कसे, हा भाग खरा मजेदार आहे. कुलूपबंद पाकिटात कुणी डोकावत नाही, तशी गरजच पडत नाही. सर्वांत सोपी तपासणी मालकाची: हा पत्ता जिओ, बीएसएनएलसारख्या ग्राहक जोडणाऱ्या कंपनीचा आहे की सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटरचा? घरात बसून मालिका बघणारा माणूस डेटा सेंटरमध्ये राहत नाही. एवढ्या एका प्रश्नावरच स्वस्तातली बहुतेक व्हीपीएन गळतात. दुसरी खूण गर्दीची: एकाच पत्त्यावरून हजारो वेगवेगळी खाती, भाषा वेगळ्या, पैसे भरलेले देश वेगळे. तिसरी खूण बारीक आहे. साध्या जोडणीवर माहितीचं एक पाकीट बहुधा १,५०० बाइटपर्यंत असतं. वायरगार्ड पद्धतीच्या व्हीपीएनमध्ये बाहेरच्या आवरणाला जागा लागते म्हणून आत साधारण १,४२० उरतात. हा फरक समोरच्या सर्व्हरला कळू शकतो. त्यातून फोनवरचं अ‍ॅप तर चुगलखोरच. सिमकार्ड कोणत्या देशाचं आणि फोन सध्या कुठल्या देशाच्या टॉवरला लागलेला, हे अँड्रॉइडवर अ‍ॅपला वेगळी परवानगी न मागताही वाचता येतं. भारतीय सिमचा आतला ओळख क्रमांक ४०४ किंवा ४०५ या आकड्यांनी सुरू होतो, अमिरातीचा ४२४ ने. पत्ता म्हणतो सिंगापूर, टॉवर म्हणतो भारत, घड्याळ भारतीय वेळेवर. मग संशय यायला कितीसा वेळ लागणार?

यातली गर्दीची खूण आपल्याकडे फसवी ठरते, कारण मोबाइलच्या सामायिक पत्त्याआडही हजारो प्रामाणिक लोक असतात. म्हणून गर्दीला एकटीला महत्त्व देऊन चालत नाही, ती पत्त्याच्या मालकाशी ताडून बघावी लागते. तरीही चुका होतात. काही व्हीपीएन कंपन्या डेटा सेंटर सोडून घरगुती पत्त्यांआडून वाहतूक सोडू लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने तेही पत्ते अडवायला सुरुवात केली. व्हीपीएनचं नावही न ऐकलेल्या काही घरांत तेव्हा यादीतले बरेच सिनेमे गायब झाल्याच्या तक्रारी आल्या. बंदी पत्त्यावर असते. माणूस निर्दोष असल्याचं त्या पत्त्याला सांगता येत नाही.

बाळापूरचा मुलगा दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल, तर गोष्ट उलटी होते. त्याला भारतातला पत्ता हवा असतो आणि तो मिळणं २०२२ पासून अवघड झालंय. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं जपून ठेवावेत. नोंदी न ठेवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हे मान्य होईना. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले. तेव्हापासून त्यांच्यापैकी काहींच्या अ‍ॅपमध्ये 'इंडिया' असं लिहिलेलं असतं, पण यंत्र असतं सिंगापूर किंवा लंडनला. पत्त्यावर फक्त भारताची नोंद असते. हे सोंगही पकडता येतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर अंतर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद. मुंबईतल्या सर्व्हरने 'भारतीय' पत्त्याला हाक मारली आणि ओ यायला दर वेळी तेवढा वेळ लागू लागला, तर तो पत्ता मुंबई-पुण्याचा नसावा, असा दाट संशय येतो.

व्हीपीएन अडवण्याचं दुसरं कारण पैशाचं, ते मात्र कंपन्या फार बोलून दाखवत नाहीत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. अमेरिकेत तेवढ्या पैशात काहीच मिळत नाही. स्वस्त देशाचा पत्ता दाखवून घेतलेली प्रीमियम खाती यूट्यूबने जून २०२४ मध्ये रद्द करायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

कायद्याचं म्हणाल तर भारतात व्हीपीएनवर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी तात्पुरते आदेश निघालेत, तेवढंच. आखातात जपून राहिलेलं बरं. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. एका मॅचसाठी त्याच्या जवळपास फिरू नये, असं माझं मत आहे. युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून आपल्या प्रवाशांपुरती सोय केली आहे: घरी पैसे भरलेली सेवा संघातल्या दुसऱ्या देशात गेलं तरी तशीच दिसते. भारत आणि आखात यांच्यात तसं काही नाही, तिथला परवानाधारक शोधून त्याचेच पैसे भरावे लागतात.

गावात राहणाऱ्याचा उपाय छोटा आहे. सेटिंगमध्ये 'व्हीपीएन' शोधा, तिथे जुनं काही सापडलं तर काढून टाका. 'कायम चालू' हे बटण दाबलेलं असेल तर तेही बंद करा. ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन लागत असेल, तर बऱ्याच व्हीपीएन अ‍ॅपमध्ये ठरावीक अ‍ॅप त्यातून वगळण्याची सोय असते, तिथे मॅचचं अ‍ॅप टाकावं. सुट्टीला आलेल्या दुबईच्या पाहुण्याचं दुखणं मात्र निराळं असू शकतं: त्याच्या प्ले स्टोअरचा देशच अमिरात असतो, म्हणून इथलं एखादं अ‍ॅप त्याला दिसतही नाही. तो देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच. पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी बदलला तर परत गेल्यावर तिकडचं स्टोअर वर्षभर मिळत नाही. त्यापेक्षा घरच्या टीव्हीवर घरच्याच खात्यातून मॅच लावावी.