मातीचा बैल, शेणाचा दिवा आणि उरलेले दहा महिने

श्रावणी अमावास्या जवळ आली की रायपूरच्या बाजारात मातीचे बैल विकायला येतात. पायांना मातीची चाकं, गळ्यात दोरी. मुलग्यांसाठी हा ‘नंदिया बैला’, मुलींसाठी चिमुकली चूल, जातं, मडकी. छत्तीसगढचा ‘पोरा’ म्हणजे आपला पोळाच. नागपूरकराला इथे तान्हा पोळा आठवतो. तो १८०६ मध्ये दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला, असं नागपुरात सांगतात. तिथला बैल लाकडी, इथला मातीचा. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभारही नागपूर राजधानीतूनच चाले, त्यामुळे या ओळखीचं नवल नाही.

या खेळण्याला जाहिरात लागत नाही. ठेठरी-खुरमीच्या नैवेद्यासोबत बैल पुजायचा तर तो आणावाच लागतो. लागोपाठ तीजा येते, म्हणजे आपली हरतालिका. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं. गिऱ्हाईक नक्की आहे, पण चार दिवसांचं. शिवाय सण ऐन पावसाळ्यात येतो आणि मातीला वाळायला ऊन लागतं. म्हणून माल आधी करून ठेवायचा, पैसा त्यात अडकवायचा, आणि सण सरल्यावर उरलेले बैल पुढच्या वर्षापर्यंत फुटू न देता सांभाळायचे. सणाच्या वस्तूचा धंदा का वाढत नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं शेणाच्या दिव्यांत सापडतं.

रायपूर जिल्ह्यात, आरंग तालुक्यातल्या बनचरौदा गावी बचत गटाच्या बायकांनी २०१९ च्या दिवाळीला शेणाचे दिवे केले. वाळलेल्या शेणाची भुकटी, त्यात डिंकासारखं बांधणारं द्रव्य, पाणी घालून मळायचं, साच्यात दाबायचं, उन्हात वाळवून रंगवायचं. भट्टी नाही, चाक नाही, म्हणजे पिढीजात कौशल्याची अट नाही. दिवा वजनाला हलका, आणि वापरून झाल्यावर कुंडीतल्या मातीत मिसळून जाणारा. शहरातल्या माणसाला भेट द्यायला आवडावा असाच. दिव्यांची वार्ता राज्याबाहेर गेली, दिल्लीहूनही मागणी आली.

पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला राज्य सरकारने गोधन न्याय योजना सुरू केली. शेण दोन रुपये किलोने विकत घेतलं जाऊ लागलं. गावोगावच्या गोठाणांत खत, दिवे, मूर्ती आणि पुढे शेणापासूनचा रंगही तयार होऊ लागला. गटांचा माल विकायला सी-मार्ट नावाची दुकानं निघाली. कच्चा माल, काम करायची जागा, विक्रीचं दुकान, सगळं एकाच हाताने पुरवलं गेलं. अडचणही त्यातच होती. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलली, शेणखरेदी थांबली आणि बरीच गोठाणं ओस पडली. यात कोणत्या पक्षाचं चुकलं हा वाद राजकारण्यांनी घालावा. धंद्याच्या दृष्टीने एवढंच खरं की ज्याचं मोठं गिऱ्हाईक एकच असतं, त्याचा गल्ला दुसऱ्याच्या हाती असतो.

याच राज्यात उलट उदाहरणही आहे. रायपूरपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला कोंडागाव. तिथले घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, वर पुन्हा माती लिंपतात, तापवून मेण काढतात आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. हीच ढोकरा कला. मुळात देवाच्या मूर्ती आणि पूजेच्या वस्तू घडवणारं हे काम. जयदेव बघेल यांच्यासारख्यांनी ते परदेशी प्रदर्शनांपर्यंत नेलं. बस्तर ढोकऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हस्तशिल्प मंडळाच्या ‘शबरी’ दुकानांत त्या मूर्ती बारा महिने मिळतात. लग्न, सत्कार, निरोप समारंभ, कचेरीतली भेट, कशालाही चालतात. ढोकरा सणापुरता राहिला नाही, म्हणून टिकला.

दिव्यांच्या गटांना नेमकं हेच करावं लागेल. त्याच भुकटीतून, त्याच हातांनी राखी, नावाची पाटी, लग्नाच्या रुखवतात ठेवायच्या वस्तू होऊ शकतात. किंमत मात्र नीट लावली पाहिजे. रंग आणि डिंक हिशेबात येतात, पण दुपारभर साचा दाबणाऱ्या बाईची मजुरी बहुतेक वेळा ‘घरचंच काम’ म्हणून सुटते. मजुरी न धरता ठरलेला भाव दुकानदाराला द्यायच्या सवलतीतच संपतो, मग माल कितीही खपो.

कागदपत्रांची भीती मात्र अनाठायी आहे. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. मातीच्या दिव्यांवर जीएसटी नाही. सरकारने यादीत घेतलेल्या हस्तकला वस्तू परराज्यात विकणाऱ्या लहान कारागिराला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पॅन आणि ई-वे बिल लागतं.

आणि गिऱ्हाइकासाठी एक विनंती. दिवाळीला वाटायच्या भेटी हातच्या हव्या असतील, तर मागणी धनत्रयोदशीच्या आठवड्यात नोंदवू नये. ती दोन-अडीच महिने आधी, थोड्या आगाऊ रकमेसह द्यावी. कारागिराचं भांडवल याच महिन्यांत अडकलेलं असतं.