खाणमालक भाऊसाहेब

खाणमालकाने गरिबांचा पक्ष काढावा आणि गरिबांनी तो डोक्यावर घ्यावा, हे राजकारणाच्या कुठल्याच पोथीत बसत नाही. गोव्यात ते १९६३ साली घडले. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे त्या खाणमालकाचे नाव. गोवेकरांचे भाऊसाहेब.

१२ मार्च १९११ रोजी पेडण्यात त्यांचा जन्म झाला. गोमंतक मराठा समाजाचा हा मुलगा. या समाजाला पोर्तुगीज गोव्यात देवळाच्या दारापर्यंत जागा होती, मानाच्या पंगतीत नव्हती. त्यातून वर यायचा एक रस्ता व्यापाराचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवे होते आणि गोव्याच्या डोंगरांत ते होते. खाणीतले खनिज बार्जमध्ये भरायचे, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात आणायचे आणि तिथून परदेशी जहाजांवर चढवायचे. या धंद्याने पन्नाशीच्या दशकात गोव्यात नवे श्रीमंत घडवले. बांदोडकर त्यांपैकी एक. पैसा मिळवला तसा तो सढळ हाताने वाटलाही, आणि दाता म्हणून त्यांचे नाव राजकारणाच्या आधीच खेड्यापाड्यांत गेले होते.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक आली, तेव्हा काँग्रेसला वाटले की गोवा आपल्याच खिशात आहे. नेहरूंनी गोवा मुक्त केला, मग मते कुणाला मिळणार? पण खेड्यातल्या माणसाचा प्रश्न वेगळा होता. तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार होता, किंवा दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ. पोर्तुगीज गेले, भाटकार तिथेच होता. काँग्रेसच्या यादीत त्याला बहुधा तोच भाटकार दिसला.

बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) नेमके हे ओळखले. ९ डिसेंबर १९६३च्या मतदानात ३० जागांपैकी मगो आणि त्याच्या मित्रांना १६, युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही नाही. तिची एकमेव जागा दमणमधली. बांदोडकर स्वतः उमेदवार नव्हते, तरी २० डिसेंबरला मुख्यमंत्री तेच झाले, आणि पुढे मडकईतून पोटनिवडणुकीने सभागृहात आले.

सत्तेवर आल्यावर कुळकायदा आला, खंडाला मर्यादा आली. गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या. मुक्तीच्या वेळी दहांतल्या सहा-सातांना अक्षरओळख नसलेल्या मुलखात या शाळांचे मोल कुणी सांगायला नको. ज्या घरांतून आजवर कुणी पाटी हातात घेतली नव्हती, त्या घरांतली मुले शाळेत जाऊ लागली.

पक्षाच्या नावात मात्र एक मोठे वचन होते: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. १९६५मध्ये गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही विधानसभांनी विलीनीकरणाचे ठराव केले. समोर युनायटेड गोवन्सचे नेते जॅक सिक्वेरा ठाम उभे राहिले. शेवटी केंद्राने जनमत कौल घ्यायचे ठरवले, आणि कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला. विलीनीकरणाला चिन्ह फूल, संघप्रदेशाला दोन पाने. १६ जानेवारी १९६७ला लोकांनी शिक्के मारले. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने भाऊसाहेबांचे स्वप्न संपले. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा तोरा अनेकांना डाचला होता, आणि ख्रिस्ती मतांबरोबर बऱ्याच हिंदू मतदारांनीही वेगळा गोवा निवडला होता.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला पुन्हा १६ जागा मिळाल्या! ५ एप्रिल १९६७ला बांदोडकर परत मुख्यमंत्री. जनमत कौलाच्या चर्चेत ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण खरे उत्तर इथेच आहे. गोवेकरांना विलीनीकरण नको होते. भाऊसाहेब हवे होते. कुळांनी मते ठरावासाठी दिली नव्हती, शाळेसाठी आणि जमिनीसाठी दिली होती.

त्यांचा कारभार मात्र कंपनीच्या मालकासारखा एकहाती होता, आणि सहकाऱ्यांना तो जाचला. १९७०मध्ये पक्षातच बंड झाले. सरकार तरले, आणि १९७२च्या निवडणुकीत मगोच्या जागा वाढून १८ झाल्या. त्याच सुमारास कला अकादमी उभी राहिली, फुटबॉलची बांदोडकर सुवर्णचषक स्पर्धाही सुरू झाली. सरकारचा आणि स्वतःच्या हौसेचा खर्च यांतली रेघ त्यांनी कितपत जपली, याबद्दल टीकाकार तेव्हाही बोलत.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, पदावर असतानाच, हृदयविकाराने ते गेले. मुख्यमंत्रिपद मुलगी शशिकला काकोडकर यांच्याकडे आले. कसणाऱ्याला जमीन देणारी कुळकायद्याची दुरुस्ती आणि मुंडकारांच्या घराला संरक्षण देणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतले. १९७९मध्ये त्यांचे सरकार पडले, आणि त्यानंतर मगोला गोव्यात स्वबळावर बहुमत कधीच मिळाले नाही.