तिसरा गाडा पाण्याचा

डेथ व्हॅलीतला टाकणखार १८८३ ते १८८९ या काळात खेचरं ओढून बाहेर नेत. अठरा खेचरं आणि दोन घोडे जोडीजोडीने जुंपायचे, मागे मालाने भरलेले दोन अवाढव्य गाडे, आणि त्यांच्याही मागे तिसरा गाडा नुसत्या पाण्याचा. त्याच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी मावे. मोहावी गावची रेल्वे २६५ किलोमीटरवर होती आणि तिथवर पोहोचायला दहा दिवस लागत. वाटेत पाणवठे होते, पण दोन पाणवठ्यांमधला कोरडा टापू त्या टाकीच्या जोरावरच ओलांडला जाई.

आता कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडच्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातून सकाळी निघून संध्याकाळी डेथ व्हॅलीत मुक्काम करता येतो. गाडी वातानुकूलित, रस्ता डांबरी. तरी बेत आखायचा तो पाण्यापासूनच.

दोन्ही उद्यानांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा एकाच कायद्याने, एकाच दिवशी मिळाला: ३१ ऑक्टोबर १९९४. त्याच कायद्याने दोघांच्या मधल्या मुलखाला मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र ठरवलं. घाईचे लोक बार्स्टोवरून महामार्गाने जातात आणि हा मधला मुलूख त्यांना दिसतच नाही. ट्वेंटीनाइन पाम्स, अम्बॉय, केल्सो, बेकर, शोशोनी आणि मग फर्नेस क्रीक हा मार्ग जेमतेम पावणेचारशे किलोमीटरचा आहे. न थांबता गेलं तर साडेचार-पाच तास लागतात. पण या वाटेला अख्खा दिवस द्यावा, इतकं तिथे आहे.

अम्बॉय हे जुन्या रूट ६६ वरचं गाव. १९७०च्या दशकात बाजूने महामार्ग गेला आणि गाव ओस पडलं. ‘रॉईज’ या मोटेलची प्रचंड पाटी मात्र अजून उभी आहे. जवळच एका विझलेल्या ज्वालामुखीचा काळा शंकू दिसतो. पुढे केल्सोला १९२४ साली बांधलेलं देखणं रेल्वे स्टेशन आहे आणि त्याच्या अलीकडे सुमारे दोनशे मीटर उंचीच्या वाळूच्या टेकड्या. त्यांच्या उतारावरून कोरडी वाळू घसरली की खोल घुमणारा आवाज येतो. केल्सोपासून जरा वाकडी वाट केली की सिमा डोमचा परिसर लागतो. जोशुआच्या झाडांचं तिथलं रान फार दाट होतं. ऑगस्ट २०२० मधल्या वणव्यात त्यातली अंदाजे तेरा लाख झाडं जळाली. या झाडाचं परागीभवन युका-पतंग नावाचे छोटे पतंगच करतात. पतंग आणि झाड दोघंही एकमेकांवाचून तगत नाहीत, आणि हे रान पुन्हा उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही. उद्यानातली हिरवी झाडं पाहून आलेल्यांनी ही जळकी खोडंही पाहावीत.

ऋतूच्या बाबतीत तडजोड नको. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र अशा सहली पुष्कळदा पुण्या-मुंबईहून आई-बाबा आले की ठरतात, आणि ते येतात मे ते ऑगस्टमध्ये. ‘आम्ही विदर्भातले, आम्हाला ऊन काय नवीन’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की फर्नेस क्रीकला जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमानच ४७ अंशांच्या आसपास असतं. १० जुलै १९१३ रोजी तिथे नोंदलं गेलेलं ५६.७ अंश हे जगातलं अधिकृत सर्वोच्च तापमान. जुलै २०२४ मध्ये तर रात्री धरूनही महिन्याची सरासरी ४२.५ अंश भरली. त्याच महिन्यात एका मोटरसायकलस्वाराचा उष्म्याने बळी गेला. तापलेली हवा विरळ होते, तिच्यात हेलिकॉप्टरला पुरेसा उठाव मिळत नाही, म्हणून बचावासाठी ते येऊ शकलं नाही. आई-बाबांना हे वाळवंट दाखवायचंच असेल, तर त्यांचं तिकीट दिवाळीनंतरचं काढावं.

माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी गाडीत हवं. उन्हात चालणार असाल तर त्याहून जास्त. जोशुआ ट्री उद्यानात पाणी मिळतं ते कडेच्या मोजक्या ठिकाणी, आतल्या भागात अजिबात नाही. पेट्रोलपंप तर उद्यानात नाही आणि मोहावीच्या संरक्षित क्षेत्रातही नाही. म्हणून टाकी ट्वेंटीनाइन पाम्सला भरायची आणि बेकरला पुन्हा भरायची. बेकरमध्ये १३४ फूट उंचीचा तापमापक आहे; १९१३ चा तो विक्रम फॅरनहाइटमध्ये १३४ अंश होतो, त्याची ही आठवण.

मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, कागदी नकाशाही जवळ असू द्या, आणि पडद्यावरची जवळची वाट कच्ची निघाली तर मागे फिरा. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेलं चौघांचं कुटुंब भाड्याच्या साध्या गाडीने डेथ व्हॅलीत अशाच दुर्गम वाटेला लागलं. ऑक्टोबरमध्ये गाडी सापडली, टायर बसलेले. मोठ्या माणसांचे अवशेष मिळायला २००९ उजाडलं.

पक्का रस्ताही त्या सकाळी खुला आहे का, हे उद्यानाच्या अधिकृत सूचनांत पाहूनच निघावं. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने डेथ व्हॅलीत वर्षभराचा पाऊस एका दिवसात ओतला आणि उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. अम्बॉयच्या बाजूचे रूट ६६ वरचे जुने लाकडी पूलही पुरांनी खिळखिळे झाले आहेत.

शोशोनीनंतर दोन वाटा फुटतात. एक खिंडी ओलांडून थेट बॅडवॉटरच्या मिठागराशी उतरते, समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली. दुसरी डेथ व्हॅली जंक्शनवरून जाते, आणि पहिल्या खेपेला तीच घ्यावी. या जंक्शनवर १९६७ साली न्यूयॉर्कच्या नर्तकी मार्टा बेकेट यांच्या गाडीचा टायर पंक्चर झाला. दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी टाकणखार कंपनीचं ओसाड सभागृह पाहिलं, ते भाड्याने घेतलं, भिंतींवर स्वतःच्या हाताने प्रेक्षक रंगवले आणि २०१२ पर्यंत तिथे नृत्य केलं. ते अमारगोसा ऑपेरा हाउस आजही उभं आहे. तिथून झाब्रिस्की पॉइंट अर्ध्या तासावर. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो, तेव्हा पिवळ्या कड्यांवरचं उतरतं ऊन पाहायचं असेल तर शोशोनी दुपारी दोनच्या आत सोडावं लागेल.