मराठी मिशनची मुले आणि कोडाईकनालची शाळा

अमेरिकन मिशनऱ्यांनी महाराष्ट्रातील मुलामुलींसाठी काढलेल्या शाळांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्या मिशनऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकली, हा प्रश्न अभ्यासकांच्या नजरेआड राहिला आहे. अशा मुलांसाठी निघालेल्या शाळांमध्ये केनियातील किजाबे येथे १९०६ साली सुरू झालेली रिफ्ट व्हॅली अकॅडमी विशेष प्रसिद्ध आहे, कारण १९०९ साली तिच्या इमारतीची कोनशिला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. परंतु महाराष्ट्राशी जिचा थेट संबंध येतो, ती कोडाईकनालची शाळा तिच्याहून पाच वर्षांनी जुनी आहे.

ही शाळा का निघाली, हे समजण्यासाठी अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या संस्थेने मराठी मुलखात चालवलेल्या कार्याचा, पहिला काळ पाहावा लागतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हा गोऱ्या मुलांना येथील हवा मानवत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती आणि मुलांचे मृत्यू इतके वारंवार घडत, की ती समजूत निराधारही म्हणता येत नाही. १८२५ साली हॉल यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. त्यांपैकी एक मुलगा वाटेतच दगावला आणि पुढच्या वर्षी दौऱ्यावर असताना पटकीने हॉल यांचाही मृत्यू झाल्यामुळे त्या कुटुंबाची पुन्हा भेट झालीच नाही. १८४७ साली मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम लहान असतानाच, १८५४ साली, त्यांचे वडील मायदेशी परतताना समुद्रप्रवासात वारले. मुलांना मायदेशी ठेवून आईवडिलांनी परत कामावर यायचे, हा त्या काळचा सामान्य शिरस्ता होता, आणि दोघांच्या मध्ये काही महिन्यांचा समुद्रप्रवास असे.

उत्तरेत मसुरीला १८५४ पासून वुडस्टॉक शाळा होती. दक्षिणेत मदुरा मिशनच्या लोकांनी १८४५ साली कोडाईकनालला, सुमारे सात हजार फूट उंचीवर, पहिले बंगले बांधले होते, आणि तेथेच १९०१ साली मार्गारेट एडी या मिशनरी पुत्राच्या मातेने हायक्लर्क नावाच्या जुन्या हॉटेलात तेरा मुलांची शाळा सुरू केली. वेगवेगळ्या मिशनांची मुले तेथे येऊ लागली. मुंबईहून जाणाऱ्या मुलांचा मार्ग कल्याणवरून अंबरनाथ-बदलापूरच्या माळांतून, कर्जत आणि बोरघाट ओलांडून रायचूरकडे जाई. रायचूरला ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची हद्द संपून मद्रास रेल्वे लागे, मद्रासला पुन्हा गाडी बदलून दिंडिगुलच्या पुढे जावे लागे, आणि मोटारींचा घाटरस्ता होण्यापूर्वी डोंगराची शेवटची चढण डोलीतून किंवा पायी पार करावी लागे.

शाळेचे वेळापत्रक मैदानी शाळांच्या उलट होते. उन्हाळ्यात आईवडीलच डोंगरावर येत आणि लांब सुट्टी थंडीत असे, कारण मुलांनी सपाटीवरच्या घरी जाण्यास तोच काळ सोयीचा होता. अभ्यासक्रम अमेरिकन पद्धतीचा होता, अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश घेता यावा या हिशेबाने आखलेला. शिवाय तमिळ, तेलुगू, मराठी अशा निरनिराळ्या भाषिक प्रदेशांतून मुले येत असल्यामुळे त्यांचा आपसांतला व्यवहार इंग्रजीतच चाले. घरात आया आणि गडी यांच्या तोंडून कानावर पडलेली मराठी तेथे उपयोगाची उरली नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे भाग आहे. सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी तेथेच शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, हे सर्वज्ञात आहे. भायखळ्याला एडवर्ड ह्यूम यांनी मराठी ख्रिस्ती मुलांसाठी उत्तम शाळा चालवली. ज्या शाळा मराठी मुलांसाठी पुरेशा मानल्या गेल्या, त्या मिशनऱ्यांना स्वतःच्या मुलांसाठी पुरेशा वाटल्या नाहीत. हवामान आणि महाविद्यालयप्रवेश ही कारणे खरी आहेत, तथापि त्यांच्या जोडीला वंशभेदाचे तत्कालीन वातावरणही होते, हे नाकारणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

तरीही मिशनरी कुटुंबांतील काही मुले मराठी मुलखाकडे परतली. रॉबर्ट ह्यूम १८७४ साली अहमदनगरला आले आणि दुष्काळातील कामाबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. अमॉस अ‍ॅबट यांचे पुत्र जस्टिन अ‍ॅबट यांनी महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांची आणि काव्याची इंग्रजी भाषांतरमाला १९२६ पासून प्रसिद्ध केली. हे दोघेही कोडाईकनालपूर्व पिढीचे होते, त्यामुळे त्यांचे श्रेय शाळेला देता येत नाही. शाळेने केले ते एवढेच, की वर्षानुवर्षांची ताटातूट काही महिन्यांवर आणली. आणि त्या काळातील आयांच्या व मुलांच्या दृष्टीने ते मोठेच काम होते.

पुढे १९७०च्या दशकात ही शाळा कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल झाली. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जतन केलेली आहेत. मराठी संशोधकांनी त्यांतील मराठी मिशनची कौटुंबिक बाजूही वाचावी, आणि अहिल्यानगर, सोलापूर, सातारा येथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांकडे या मुलांविषयीच्या ज्या आठवणी किंवा छायाचित्रे उरली असतील, ती वेळीच नोंदवून ठेवावीत.