पोट भरलं, हे ठरवतं कोण?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला धाराशिव जिल्ह्यातली गावं दुपारी ओस पडतात. बाजारपेठ बंद, गल्ल्या रिकाम्या, सगळी माणसं रानात. ही वेळ अमावास्या, बोलीतली येळवस. लातूर आणि सोलापूरचा काही भाग, सीमेपलीकडचं बिदर-कलबुर्गी इथंही हा सण असतो. ज्वारी निसवलेली असते, हरभरा घाट्यात आलेला असतो. कडब्याची खोप उभी करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग मांडी घालून जेवायला बसायचं. सगळे याला शेतीचा सण म्हणतात. मला तो जेवण्याचा सण वाटतो, आणि पोट भरतं म्हणजे शरीरात नेमकं काय होतं हे वाचत गेल्यापासून त्याचं नवल वाढतच गेलं आहे.

जेवणाची मुख्य मानकरी म्हणजे भज्जी. ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, जे रानात असेल ते चिंचेच्या कोळात आणि हरभऱ्याच्या पिठात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर आणि ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, लसूण-जिऱ्याची आंबील. घरातल्या बाया आदल्या रात्रीपासून राबतात. पाटी डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालायचं, पूजा उरकेपर्यंत थांबायचं, आणि तोवर वास दरवळत राहणार.

हा थांबण्याचा वेळ वाया जात नाही. अन्नाचा नुसता वास आला, ते नुसतं दिसलं, तरी तोंडाला पाणी सुटतं, जठरात आम्ल पाझरू लागतं, थोडं इन्सुलिनही आधीच सुटू शकतं. पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठीच. घास तोंडात जाण्याआधीच शरीर जेवायला बसलेलं असतं. आपण मात्र मोबाइलवर नजर ठेवून ताट पुढ्यात ओढतो आणि जेवणाचा हा पहिला भाग निसटून जातो.

मग येते भाकरी. ती गिळता येत नाही, चावावीच लागते. चावताना लाळेतलं अमायलेज पिठाचं साखरेत रूपांतर करू लागतं, म्हणून घोळवलेला घास हळूहळू गोड लागतो. तोवर खाली निरोपांची ये-जा सुरू झालेली असते. जठर ताणलं गेल्याची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूकडे जाते. लहान आतड्यात स्निग्धांश आणि प्रथिनं पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-1. वजन कमी करण्यासाठी आज जी महागडी इंजेक्शनं गाजत आहेत, ती याच जीएलपी-1ची नक्कल आहेत. तेच रसायन प्रत्येक जेवणात आपल्या आतड्यात फुकट तयार होतं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही! पण या साऱ्या निरोपांना वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं धरतात. तेवढ्यात ताट संपवून दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर निरोप पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

2008 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तीस स्त्रियांना एकच पदार्थ दोन वेगवेगळ्या दिवशी पोटभर खायला दिला. एकदा मोठ्या चमच्यानं भराभर, एकदा लहान चमच्यानं, घासागणिक चमचा खाली ठेवत. भराभर खाताना सरासरी 646 कॅलरी पोटात गेल्या, सावकाश खाताना 579. प्रयोग लहान होता हे खरं. पण कमी खाऊनही त्यांना तृप्ती अधिक वाटली, आणि मला महत्त्वाची वाटते ती हीच बाजू.

येळवशीच्या रानात सावकाश खाण्याचा धडा कुणी देत नाही, तो हरभराच देतो. ढाळा उपटून हातात घ्या. पानावर बोट फिरवलं तर ते ओलसर लागतं आणि चाटलं तर आंबट. झाड मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, पहाटे फडक्यानं टिपून घेतात ती आंब हीच. घाटा दाबला की फट् असा आवाज होतो. आत एक दाणा, फार तर दोन. आधी तुरट, मग कच्चट, मग शेवटी किंचित गोड. दुसरा दाणा हवा तर पुन्हा घाटा शोधायचा, पुन्हा फोडायचा. मुठीनं खाण्याची सोयच नाही. 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मन एकाग्र करण्याचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात शिकणाऱ्याच्या हातावर एक बेदाणा ठेवतात: बघा, हुंगा, जिभेवर घोळवा, मग चावा. आपल्याकडची पोरं बांधावर बसून हेच करतात.

सणाला माणूस दोन घास जास्तच खातो, हेही मान्य करायला हवं. एकाच चवीला जीभ लवकर कंटाळते, नवी चव आली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 पासून हे प्रयोगांत दाखवलं आहे. भज्जीनंतर खीर दिसली की हात थांबत नाही तो यामुळे. त्याची खंत वाटायचं कारण नाही. लक्ष देऊन जेवणं म्हणजे मोजून-मापून, अपराधी मनानं जेवणं नव्हे.

या जिल्ह्यात दुसरीही एक आठवण आहे. 1972च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आहेत. ताटात कण उरू देणं त्यांना जमत नाही, आणि त्यांना कुणी उरवायला सांगूही नये. पोट भरल्यावरही ती खातात ते जिभेसाठी नाही, आठवणीपोटी. त्यांना आधी थोडंच वाढावं आणि पुन्हा आग्रह करू नये, एवढं घरच्यांना करता येतं.

आठवणीचं जेवणाशी असलेलं नातं तर याहून खोल आहे. 1998 साली पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या इजेमुळे त्यांना मिनिटभरापूर्वीचंही आठवत नसे. त्यांना पोटभर जेवण दिलं. काही मिनिटांनी पुन्हा ताट मांडलं, ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ताट आलं, तेव्हाही बहुतेक वेळा त्यांनी खायला सुरुवात केली. जठर तेच, संप्रेरकं तीच, फक्त ‘मी जेवलो’ ही आठवण नव्हती. म्हणजे पोट भरल्याचा निकाल एकटं पोट देत नाही.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझान हिग्ज यांनी हाच धागा धडधाकट माणसांत तपासला. दुपारचं जेवण आठवायला लावलं, तर माणसं नंतर फराळाला कमी हात लावत. आणि 2011च्या प्रयोगात ज्यांनी जेवताना अन्नाच्या चवी-वासाकडे लक्ष दिलं, त्यांनी नंतर बिस्किटं कमी खाल्ली. वाचत जेवलेल्यांनी जास्त. दुपारी चारला फरसाणाच्या डब्याकडे हात जाईल तेव्हा एवढंच करून पाहा: आज भाजी कोणती होती, तिखट होती का, भाकरी गरम होती की गार, शेवटचा घास कशाचा होता. काहीच आठवत नसेल, तर उद्याचं जेवण मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून करा आणि चार वाजता स्वतःला पुन्हा तेच प्रश्न विचारा.